मुलीचा खांदा दुखतोय, कयाकिंग थांबवू का?

पॅडलवाली_आई:
नमस्कार मंडळी. मुलगी १४ वर्षांची, पुण्यात नदीवर दीड वर्ष कयाकिंग (छोटी निमुळती बोट वल्हवणं) करतेय, के-१ म्हणजे एकटीची बोट, ५०० मीटर. महिन्यापूर्वी स्पर्धा जवळ आली म्हणून सराव ४ दिवसांचा ६ दिवस झाला, वर जिम पण सुरू केलं, आणि तेव्हापासून उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखतोय. सूज नाही पण केस विंचरायला हात वर केला की कळ येते. बरोबरची मुलं म्हणतात होईल सवय, हे म्हणतात बंद कर सगळं. तिला पाण्यावरून उठवायचं माझ्या जिवावर येतं हो. कोणाला अनुभव आहे का?

फिजिओ_नाशिक:
ताई, आधी तिला तीन गोष्टी विचारा. खांदा निसटल्यासारखा वाटतो का, रात्री दुखून जाग येते का, हाताला मुंग्या येतात का. एकाचं जरी उत्तर हो आलं तर थेट ऑर्थोपेडिककडे न्या. नाही आलं तरी एकदा हाताने तपासून घ्याच.

खांद्याची खोबण फार उथळ असते, बशीत लिंबू ठेवावं तशी. ते लिंबू जागेवर धरायचं काम रोटेटर कफच्या, म्हणजे सांध्याभोवतीच्या ४ स्नायूंचं, आणि ती बशी म्हणजे पाठीवरच्या स्कॅप्युलाचाच, म्हणजे खांद्याच्या पात्याचाच भाग, ते हाड डळमळलं तर वरच्या स्नायूंनी कितीही धरून काय उपयोग. त्यात या वयात हाडांची वाढ चालू असते, बऱ्याच मुलींचे सांधे मुळात लवचिक असतात. पॅडल (वल्हं) ओढून छाती आणि लॅट्स (पाठीचे मोठे स्नायू) दणकट होतात, पण हात बाहेर फिरवणारे मागचे छोटे स्नायू तसेच राहतात आणि खांदा पुढे झुकतो. जिममध्ये पण बेंच प्रेसच जास्त चाललं असेल तर अजूनच.

कळ येत नसेल तेवढंच करायचं: काखेत टॉवेलची गुंडाळी धरून, कोपर कमरेला लावून रबर बँडने हात बाहेर फिरवणं. पालथं झोपून अंगठे वर ठेवून हात तिरके उचलणं. आणि भिंतीवर पुश-अप, शेवटी कोपर सरळ ठेवून पाठ अजून थोडी मागे ढकलायची. पेनकिलर देऊन पाण्यात मात्र पाठवू नका, कृपा करून.

बडा_तालाब:
भोपाळला ६ वर्षं पॅडलिंग केलं, माझाही खांदा असाच गेला होता म्हणून लिहितोय. व्यायाम हवेतच, पण स्ट्रोक बघा आधी. कयाकमध्ये ताकद पायातून आणि कंबर फिरवण्यातून आली पाहिजे, नवीन मुलं दमली की नुसत्या हाताने ओढतात. दुसरं म्हणजे ब्लेड (पॅडलचं पातं) कमरेच्या मागे गेल्यावरही ओढत राहतात, मग बाहेर काढताना कोपर खांद्याच्या वर जातं आणि तिथेच चिमटतं. मागून मोबाईलवर व्हिडिओ काढा, शेवटच्या १०० मीटरचा, ताजी असतानाचा नको. आणि पॅडल कोणाचं वापरते? मोठ्यांचं लांब पॅडल, मोठं ब्लेड असेल तर प्रत्येक स्ट्रोकला खांद्यावर जादा भार.

(कनू म्हणजे एकाच पात्याच्या पॅडलने चालवायची बोट, तिच्यावाल्यांचं अजून वेगळं, ते एकाच बाजूने मारतात. २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये अर्जुन सिंग आणि सुनील सिंगने सी-२ (दोघांची कनू) १००० मीटरला ब्राँझ आणलं, त्यात एक डावीकडून एक उजवीकडून. बोट सरळ जाते, पण प्रत्येकाचं अंग एकाच बाजूने तयार होतं, त्यामुळे दुसऱ्या बाजूचा व्यायाम जमिनीवर करावाच लागतो.)

कुंडलिका_रॅपिड:
कोलाडला व्हाइटवॉटर (खळाळत्या पाण्यातलं कयाकिंग) करायला आली तर लक्षात ठेवा, उलटताना हात डोक्यावर, मागे टाकून पॅडल टेकवलं तर खांदा निखळू शकतो. हात कायम डोळ्यांसमोर दिसले पाहिजेत. या वयात एकदा निखळला की परत निखळायची भीती खूप, माझ्या मित्राचा ३ वेळा निखळला.

फिजिओ_नाशिक:
बरोबर. आणि ताई, ४ चे एकदम ६ दिवस, वर जिम, मला खरी गोम इथेच दिसते. ढोबळ नियम असा की आठवड्याचे सरावाचे तास वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत, म्हणजे तिला जिम धरून १४, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी.

पॅडलवाली_आई:
खूप आभार सगळ्यांचे. निसटणं, मुंग्या काही नाही म्हणाली. तास मोजले तर १७ निघाले, मलाच धक्का बसला. पॅडल क्लबमधल्या सीनियर दादाचं आहे! उद्या कोचसरांशी बोलते, शनिवारी फिजिओची वेळ घेतलीय.