बॅटरी बदलल्यापासून गाडी सिग्नलला बंद पडते

प्रश्न
माझी गाडी २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक असून आतापर्यंत ७८,००० किलोमीटर चालली आहे. दहा दिवसांपूर्वी ३५ अँपिअर-तासांची नवी बॅटरी बसवून घेतली. तोपर्यंत सकाळी सेल्फ ओढत नसे, एवढीच तक्रार होती. आता सिग्नलजवळ क्लच दाबून वेग कमी केला की इंजिन गचके खाऊन बंद पडते, आणि एसी चालू असल्यास हमखास पडते. परवा पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाटातील रांगेत ती तीनदा बंद पडली. शिवाय हेडलाइट मधूनच मंद होतात. बॅटरी नवी असल्याने दोष अल्टरनेटरचाच (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचाच) असणार, असे गॅरेजवाल्यांचे म्हणणे आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी काय तपासून पाहावे?

प्रतिसाद १
अल्टरनेटरला सध्या हात लावू नका. या वयाच्या गाडीत थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाच्या, झडपेभोवती काजळी साचते आणि हवेची वाट अरुंद होते. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, हे हळूहळू ओळखून आयडलच्या वेळी (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना) झडप थोडी अधिक उघडी ठेवायला शिकलेला असतो. बॅटरी काढली की अनेक गाड्यांत हे शिकलेले पुसले जाते आणि झडप पुन्हा कारखान्यात ठरवून दिलेल्या मापाइतकीच उघडते. काजळी मात्र तिथेच असल्यामुळे इंजिनाला हवा कमी पडते. त्यात एसीचा कॉम्प्रेसर जोडला गेला की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) सावरत नाहीत. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. त्यानंतर इंजिन पुरते गरम होऊ द्या, सर्व दिवे व एसी बंद ठेवून ॲक्सिलरेटरला न शिवता दहा मिनिटे आयडलवर ठेवा आणि मग एसी लावून पुन्हा तेवढाच वेळ ठेवा. काही गाड्यांत मात्र हे काम स्कॅनर (ईसीयूला जोडायचे तपासणी यंत्र) लावूनच करावे लागते.

प्रतिसाद २
वरील निदान बंद पडण्याला लागू पडते, पण हेडलाइट मंद होण्याचा उलगडा त्यातून पुरेसा होत नाही. म्हणून एक विचारतो: इंजिन बंद पडते त्या क्षणी डॅशबोर्डवर काय दिसते? चावी चालू असताना केवळ इंजिन थांबले असेल, तर बॅटरीचा आणि ऑइलचा लाल दिवा लागतो. याउलट सगळा डॅशबोर्डच काळा पडत असेल किंवा घड्याळ पुन्हा बारावर येत असेल, तर वीजपुरवठाच तुटतो आहे आणि शोध टर्मिनलपासून सुरू करायला हवा.

आपल्याकडे बॅटऱ्या जाड आणि बारीक अशा दोन्ही खुंटांच्या (केबलचा क्लॅम्प ज्यावर आवळतात त्या शिशाच्या टोकांच्या) मिळतात. जाड खुंटाच्या क्लॅम्पमध्ये बारीक खुंट बसवताना अनेकदा पत्र्याचा तुकडा कोंबून वेळ मारून नेली जाते. मल्टिमीटरने इंजिन बंद असताना आणि चालू असताना व्होल्टेज मोजा. चालू असताना ते दोनदा घ्या: एकदा शिशाच्या खुंटांवर आणि एकदा केबलच्या क्लॅम्पवर. हे दोन आकडे जवळजवळ सारखेच यायला हवेत.

प्रश्नकर्ता
मोजून पाहिले. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट. चालू असताना क्लॅम्पवर १४.१, पण खुंटांवर १३.२. बंद पडताना बहुतेक वेळा लाल दिवे लागतात; घाटात मात्र एकदा डॅशबोर्ड पूर्ण काळा झाला होता आणि त्यानंतर घड्याळ बारा वाजल्याचे दाखवत होते. ऋण टर्मिनल हाताने फिरते आणि त्यात खरोखरच पत्रा निघाला!

प्रतिसाद २
मग अल्टरनेटर निर्दोष आहे, कारण १४.१ व्होल्ट तोच देतो आहे. त्यातील ०.९ व्होल्ट त्या सैल सांध्यात वाया जातात आणि बॅटरीही पुरती भरत नाही. पत्रा काढून खुंटावर बसणारी शिशाची टोपी घाला किंवा योग्य मापाचा क्लॅम्प लावून घ्या. बॅटरीपासून बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्यांचे बोल्टही उघडून घासून घ्या.

प्रतिसाद ३
एक इशारा द्यावासा वाटतो. अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनाचे टर्मिनल काढून दाखवण्याची खोड काही वायरमनना अजूनही आहे. जुन्या डिझेल गाड्यांत ते खपून जात असे. ईसीयू असलेल्या गाडीत मात्र त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि ईसीयू किंवा अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. असे कोणालाही करू देऊ नका. घाटात सैल टर्मिनलने तुमच्या गाडीवर हाच प्रयोग केला आहे, तेव्हा इंजिन चेकचा दिवा लागलेला राहत असेल तर स्कॅनर लावून नोंदी वाचून घ्या.

प्रश्नकर्ता
टोपी घालून क्लॅम्प आवळला, अर्थिंगचा बोल्ट घासला. आता दोन्ही ठिकाणी १४.१ दिसते आणि हेडलाइट स्थिर आहेत. इंजिन चेकचा दिवा लागलेला नाही. तरीही एसी लावून सिग्नलला थांबल्यावर गाडी काल दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा लाल दिवे लागून. आज थ्रॉटल बॉडी उघडली तेव्हा झडपेच्या कडेला काळ्या काजळीचे कडे दिसले. ती साफ करून सांगितल्याप्रमाणे आयडल करून घेतले. नंतर साताऱ्यात तासभर एसी लावून फिरलो. एकदाही बंद पडली नाही.