फ्लोरेन्सचा थांबा: जेलातो कुठे, आणि अंड्याचं काय?

प्रेषक: संदीप (सहल समिती)
विषय: शनिवार, फ्लोरेन्स, जेलातो. आजच उत्तर हवंय

नमस्कार मंडळी,

बसचं नक्की झालंय, आता एकाच गोष्टीवर अडलंय. फ्लोरेन्समध्ये जेलातो, म्हणजे इटालियन आइसक्रीम, खायला आपल्याला मोकळे दोन तास मिळतात. त्याच्यावर पाच मिनिटंही नाहीत, कारण चालकाचे तास भरतात आणि त्यात मी काही करू शकत नाही. गार्डा सरोवराच्या सहलीच्या वेळचं आठवा. बस गावात शिरणार नाही. नदीकाठी, सांता क्रोचे चर्चच्या पूर्वेला सोडणार आणि तिथूनच उचलणार.

अनघाने कार्यक्रमपत्रिकेत "बादियानी" हे जेलातोवाले लिहून ठेवलेत. त्यांचं मूळ दुकान व्हियाले देई मिल्लेवर आहे, पार स्टेडियमच्या बाजूला. ज्येष्ठांना घेऊन चालत जायचं, रांग लावायची आणि परत यायचं, म्हणजे फ्लोरेन्स संपलंच. जवळचं काहीतरी सुचवा. आपण अडतीस जण आहोत. अंडं न खाणारे किती, तेही कळवा. मेधाताई विचारतायत.

संदीप

---

प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: शनिवार, फ्लोरेन्स, जेलातो

पत्रिका लिस्टवर येऊन किती दिवस झाले. तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. बादियानी मी उगाच नाही लिहिलं. तिथला ब्वोन्तालेन्ती हा स्वाद खास फ्लोरेन्सचा. दूध, साय, साखर, अंडं, बाकी काही नाही. व्हॅनिलासुद्धा नाही. स्ट्रॉबेरी आणि चॉकलेट खायला आल्प्समधली ब्रेन्नर खिंड ओलांडून जायची गरज नाही, ते आपल्या कोपऱ्यावर मिळतं.

अनघा

---

प्रेषक: निर्मलामावशी
विषय: उत्तर: उत्तर: शनिवार, फ्लोरेन्स, जेलातो

अनघा, तूच लिहिलंस की त्यात अंडं असतं. मग आम्ही काय बघत उभं राहायचं का? आणि शनिवारी संकष्टी आहे, हे सहल ठरवताना कुणीच पाहिलं नाही. मी गेल्या वर्षीही म्हटलं होतं.

मावशी

---

प्रेषक: प्राची
विषय: उत्तर: शनिवार, फ्लोरेन्स, जेलातो

ईशानला हेझलनटची ॲलर्जी आहे. त्याला तिथे काय चालेल, कुणाला माहीत आहे का?

---

प्रेषक: ओंकार
विषय: जवळची दुकानं

नमस्कार,

मी तिथे शिकायला होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बस सोडते तिथून सर्वांत सोयीचं व्हिवोली. सांता क्रोचे चौकाच्या पश्चिमेला इझोला देल्ले स्तिंके नावाच्या गल्लीत. १९३० च्या सुमारासचं जुनं घर आहे. कोन मागू नका, तिथे कपातच देण्याची रीत. तांदळाचा स्वाद जरूर घ्या. त्यात शिजलेले दाणे दाताखाली येतात, थेट गार तांदळाची खीरच. दुसरं, जेलातेरिया देई नेरी, नावाप्रमाणे देई नेरी रस्त्यावर, पलात्झो व्हेक्क्यो या जुन्या राजवाड्याच्या मागच्या अंगाला. तिथे कोन मिळतो, पण रस्ता चिंचोळा.

नदी ओलांडायची तयारी असेल तर कार्राइया पुलाच्या पलीकडच्या टोकाला ला कार्राइया. खिशाला परवडणारं आणि म्हणून कायम गर्दीचं. पास्सेरा चौकातलं दुकान माझं सगळ्यांत आवडतं, पण चौकच एवढासा आहे की आपण अडतीस जण उभे राहिलो तर तिथल्या लोकांना घराबाहेर पडता येणार नाही. तिथे गटाने जाऊ नये, ही कळकळीची विनंती. दुओमो (मुख्य कॅथीड्रल) आणि सिन्योरिया चौक यांच्या मधे ताव्होलिनी गल्लीत पेर्के नो आहे, १९३९ पासूनचं. दुओमो बघून परत येणाऱ्यांच्या ते वाटेवरच पडेल.

ही सोडून दुसरीकडे शिरलात तर काउंटरवर एक नजर टाका. जेलातोचे डोंगर रचलेत, वर फळं खोचलीत, पिस्ता पोपटी आणि केळं पिवळंधमक आहे? पुढे चला. खरा पिस्ता मातकट हिरवा असतो आणि केळं करड्याकडे झुकणारं पांढरं. जुन्या वळणाच्या दुकानात स्टीलच्या खोल भांड्यांवर झाकणं असतात, माल दिसतच नाही. त्यांना पोझेत्ती म्हणतात. दिसत नाही म्हणून घाबरू नका, बहुतेक वेळा ते चांगलंच लक्षण असतं.

बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि मग ती काउंटरवर दाखवायची. आकार तोंडाने सांगा, "पिक्कोलो" म्हणजे लहान. हे न सांगितल्याने काय होतं ते मी अनुभवलंय. पोन्ते व्हेक्क्यो या पुलाजवळच्या एका दुकानात आईबाबांच्या हातात मशालीएवढे दोन कोन दिले आणि मग बिलाचा आकडा सांगितला. बाबा अजून प्रत्येक लग्नात तो आकडा सांगतात.

ओंकार

---

प्रेषक: श्रीकांतकाका
विषय: उत्तर: जवळची दुकानं

चि. ओंकार, छान माहिती दिलीस. मात्र मंडळाच्या सहलीत थोडा इतिहासही असावा. जेलातोचा जन्मच फ्लोरेन्सचा. बेर्नार्दो ब्वोन्तालेन्ती या वास्तुविशारदाने तो मेदिची या फ्लोरेन्सच्या राजघराण्याच्या दरबारात प्रथम केला, आणि कातेरिना दे मेदिची लग्न होऊन फ्रान्सला गेली तेव्हा ही कला सोबत घेऊन गेली. मी बसमध्ये दहा मिनिटं यावर बोलेन. संदीप, माइक तपासून घे. मागच्या वेळी खरखरत होता.

श्रीकांत

---

प्रेषक: विनायक
विषय: उत्तर: उत्तर: जवळची दुकानं

काका, कातेरिनाचं लग्न १५३३ चं. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. ब्वोन्तालेन्तीचा जन्म १५३१ च्या आसपासचा. म्हणजे तिला जेलातो करून देणारा आचारी त्या वेळी रांगत होता. कातेरिनाची गोष्ट पुढे कुणीतरी रचलेली आहे, तिला समकालीन पुरावा नाही. दुधाच्या सरबताची कृती छापील स्वरूपात सापडते ती थेट १६९० च्या दशकात, नेपल्समध्ये, अंतोनियो लातीनीच्या पाकशास्त्रात.

वि.

---

प्रेषक: श्रीकांतकाका
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: जवळची दुकानं

दंतकथा म्हणूनच सांगणार होतो. बर्फात मीठ घालून गोठवायची युक्ती तर सोळाव्या शतकातल्या इटलीत माहीत होती ना? आमच्याकडे सांगलीला उन्हाळ्यात संचा निघायचा. लाकडी बादलीत बर्फ, त्यावर खडेमीठ, मधे दुधाचं भांडं. दांडा फिरवायची पाळी आम्हा मुलांवर, आणि पहिली वाटी मात्र जावईबापूंना. मीठ घातलं की बर्फ शून्याच्याही खाली गार होतो, हे मी शाळेत शिकायच्या आधी त्या बादलीत बोट बुडवून शिकलो.

श्रीकांत

---

प्रेषक: मेधाताई (भोजन समिती)
विषय: अंड्याचा मुद्दा. कृपया विषयावर या

संच्याच्या आठवणी दिवाळी अंकाला द्या, काका, खरंच द्या. आत्ता मला आकडा हवाय. आतापर्यंत अंडं न खाणारे अकरा, "असलं तरी सांगू नका" असे तीन.

आणि संदीप, खाण्यापिण्याचं भोजन समिती बघते असं एप्रिलच्या बैठकीत ठरलं होतं. दुकान सहल समितीने परस्पर ठरवू नये.

मेधा

---

प्रेषक: संदीप (सहल समिती)
विषय: उत्तर: अंड्याचा मुद्दा

ताई, मी कुठे ठरवतोय? मी विचारतोय. जेलातो हे खाणं की प्रेक्षणीय स्थळ, हे बैठकीत ठरलं नव्हतं.

---

प्रेषक: ओंकार
विषय: उत्तर: अंड्याचा मुद्दा

मेधाताई, दुकानं दोन प्रकारचा पाया वापरतात. पांढरा म्हणजे दूध, साय, साखर. पिवळा म्हणजे त्यात अंड्याचा बलक. क्रेमा, झाबायोने आणि ब्वोन्तालेन्ती पिवळ्यातलेच. फ्योर दी लात्ते, म्हणजे निव्वळ दुधाचा, साधारणपणे पांढऱ्यातला. घोटाळा होतो तो चॉकलेट, पिस्ता, हेझलनटमध्ये. काही दुकानं त्यालाही पिवळा पाया घेतात, काही घेत नाहीत. फळांच्या सोर्बेत्तोत, म्हणजे गोठवलेल्या सरबतात, सहसा दूधही नसतं आणि अंडंही.

अंदाज बांधत बसायचं कारण नाही. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे चौदा ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते, आणि अंडं त्या चौदांत आहे. काउंटरवर वही किंवा तक्ता असतो. "इन्ग्रेदिएन्ती" म्हणा, काढून देतात. "सेन्झा ऊओव्हा?" असं विचारलं तरी पुरे.

दारू टाळणाऱ्यांनी मालागा या स्वादापासून लांब राहा, त्यातले बेदाणे दारूत भिजवलेले असतात. झाबायोने आणि तिरामिसूमध्येही बहुधा मार्साला ही वाइन असते.

ओंकार

---

प्रेषक: प्राची
विषय: उत्तर: उत्तर: अंड्याचा मुद्दा

ओंकार, हेझलनटचं मी वर विचारलं होतं.

---

प्रेषक: ओंकार
विषय: हेझलनट (प्राची)

प्राची, ईशानच्या बाबतीत मी कुठल्याच दुकानाची हमी देणार नाही. नोच्चोला, बाचो, जांदुया हे तीन उघड हेझलनटवाले आणि ते जवळपास सगळीकडे असतात. खरी अडचण उलथन्याची. एकच उलथनं हेझलनटमधून निघून लिंबाच्या सोर्बेत्तोत जातं, मधे फार तर पाण्यात बुडवतात. "सोर्बेत्तो घे, काही होत नाही" असं बसमध्ये कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. त्याच्यासाठी बंद पाकिटातली, घटक छापलेली आइसक्रीमची कांडी घे आणि औषध हाताशी ठेव.

ओंकार

---

प्रेषक: निर्मलामावशी
विषय: उत्तर: अंड्याचा मुद्दा

मग दुधाचं साधं संकष्टीला चालेल ना? दूध आणि साखरच आहे.

---

प्रेषक: विनायक
विषय: उत्तर: उत्तर: अंड्याचा मुद्दा

मावशी, घट्टपणासाठी त्यात कॅरोब या झाडाच्या बियांचं पीठ किंवा गवारीचा डिंक असतो. चिमूटभरच, पण असतो. जगातला बहुतेक गवार डिंक भारतातून जातो, त्यातला मोठा वाटा राजस्थानचा. म्हणजे तुम्ही फ्लोरेन्समध्ये राजस्थानची गवार खाणार. उपवासाला गवार चालते का, ते तुमचं तुम्ही ठरवा.

वि.

---

प्रेषक: निर्मलामावशी
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: अंड्याचा मुद्दा

विनायक, तुला कुणी विचारलं होतं? चंद्रोदय रात्री अकराच्या पुढे आहे. तोवर सगळी दुकानं बंद करून तुम्ही झोपलेले असाल. मी दुधाचं खाणार. गवारीचं पाप तुझ्या माथी.

---

प्रेषक: स्वप्ना
विषय: बसायचं कुठे?

दुकानाचं चाललंय, पण एवढे जण खाणार कुठे? देई नेरी रस्त्यावर २०१८ मध्ये पालिकेने फुटपाथवर, उंबरठ्यावर थांबून खायला बंदी घातली होती. दुपारी १२ ते ३ आणि संध्याकाळी ६ ते १०. दंड १५० ते ५०० युरो. आणि त्याच्या आदल्या वर्षी सांता क्रोचेच्या पायऱ्यांवर लोक डबे उघडून बसतात म्हणून महापौरांनी पायऱ्या पाण्याने धुवायला लावल्या, म्हणजे दगड ओला आणि कुणी बसायला नको. आपले लोक पायरी दिसली की बसतात आणि चिवडा काढतात, हे मी वेगळं सांगायला नको.

स्वप्ना

---

प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: बसायचं कुठे?

बादियानीला बसायला टेबलं आहेत.

---

प्रेषक: मेधाताई (भोजन समिती)
विषय: उत्तर: उत्तर: बसायचं कुठे?

टेबलावर बसलं की दर वेगळा लागतो, अनघा. इटलीत उभ्याने आणि बसून यांत बराच फरक असतो. अडतिसांना बसवलं तर रात्रीच्या जेवणातून पापड काढावे लागतील.

---

प्रेषक: संदीप (सहल समिती)
विषय: ठरलं

मंडळी,

मेधाताईंशी फोनवर बोललो. सगळ्यांनी एकाच दुकानात घुसायचं नाही. ज्येष्ठ आणि अंडं न खाणारे व्हिवोलीला. ओंकार पुढे जाऊन घटकांची वही बघेल आणि काय चालतं ते दारातच सांगेल. तरुण मंडळी देई नेरी किंवा पेर्के नो, आपापल्या जबाबदारीवर. कप घेऊन सरळ सांता क्रोचे चौकात यायचं, कडेला दगडी बाकं आहेत. पायऱ्यांवर नाही, रस्त्यात घोळका नाही, चिवडा बसमध्येच ठेवायचा. प्राची, ईशानसोबत मी थांबतो, मला तसाही मधुमेह आहे.

बसमध्ये कोन घेऊन चढायचं नाही. हे चालकाने आत्ताच बजावलंय. गार्डाच्या वेळी मागच्या सीटवर जे सांडलं होतं त्याचं बिल मंडळाने भरलंय.

काका, माइक दुरुस्त झालाय. दहा मिनिटं म्हणजे दहाच.

संदीप

---

प्रेषक: श्रीकांतकाका
विषय: उत्तर: ठरलं

विनायकला माझ्यानंतर पाच मिनिटं द्यावीत. आधी नव्हे.

---

प्रेषक: अनघा
विषय: उत्तर: ठरलं

मी आणि अजून तिघी टॅक्सीने बादियानीला जाऊन वेळेत परत येतो. टॅक्सी रस्त्यात हात करून थांबत नाही, फोन करून बोलवावी लागते, ते मी बघते. भाडं सहलीच्या खर्चात धरायचं ना?

---

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: ठरलं

नाही.