गवती हॅट कोणत्या सालची? मजकूर शुक्रवारी छापायला जातोय, मदत हवी आहे

कृष्णाकाठ_वाई: पाचगणीतल्या एका शाळेच्या जुन्या पेटीत गवताची हॅट निघाली. साताऱ्यात प्रदर्शनात ठेवायची आहे, खाली पाटीवर साल हवं. आत चिठ्ठीवर ७ १/८ लिहिलंय, म्हणजे किंमत सात रुपये दोन आणे. १९२० लिहू का? लवकर सांगा.

जुनाबाजार_सांगली: ती किंमत नव्हे, माप आहे. इंग्लिश मापात डोक्याच्या घेराचा व्यास इंचात लिहितात. ७ १/८ म्हणजे घेर साधारण ५७ सेंमी. आतून टेप फिरवा, जुळेल. बाकी तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. कड कडक की मऊ? विणलेली की वेण्या शिवलेली? रिबन? आतला पट्टा?

घाटमाथा: सोला टोपी असणार. साहेब लोक पाचगणी-महाबळेश्वरला तीच घालायचे.

जुनाबाजार_सांगली: सोला म्हणजे पाणवनस्पतीचा पांढरा गर, वरून कापड चढवलेलं. गवत दिसतंय म्हटल्यावर सोला कशी?

माणदेशी: स्वच्छ करताना पाणी लावू नका. गवताला ताठ ठेवणारी चपडी लाख पाण्याने पांढरी पडते, स्पिरिटने विरघळते. मऊ कोरडा ब्रश फिरवा, तोही वेणीच्या दिशेने. ठेवताना उलटी, माथ्यावर. कडेवर टेकवली की कड वाकते.

कृष्णाकाठ_वाई: स्वच्छता नंतर बघू, मला साल हवंय! माथा चपटा, कड सपाट आणि कडक. वेणी गोलगोल फिरवून शिवलेली. आत चामडी पट्टा, बाहेर निळी रिबन. फोटो चढत नाहीये.

जुनाबाजार_सांगली: मग बोटर, म्हणजे चपट्या माथ्याची, सपाट कडक कडेची हॅट. पनामा नक्की नाही, ती इक्वेडोरमधली, माथ्याच्या मधोमध सुरू करून एकसंध विणतात, टाका नसतो. पण बोटर म्हटल्याने साल मिळत नाही, हा आकार अनेक दशकं चालला. हॅट आकारावरून ओळखायची, काळ मात्र सुट्या भागांवरून काढायचा.

शिंपीणकाकू: चामडी पट्टा हळूच खाली वळवा आणि टाक्यांची उलटी बाजू बघा. एकात एक अडकलेले छोटे फासे दिसले तर यंत्राची साखळी. दोरा ओढू नका हं, एकेरी साखळी असते, टोक सुटलं की अख्खी ओळ उसवते. टाके कमीजास्त आणि तिरपे असतील तर हाताचे. यंत्रावर वेण्या शिवणं १८७० च्या दशकात पसरलं, त्यामुळे फासे दिसले तर हॅट त्यानंतरची.

आता रिबन. तिच्या वर-खाली बाकी गवतापेक्षा उजळ, झाकून राहिलेला पट्टा दिसतो का? दिसला तर मूळ रिबन जास्त रुंद होती आणि आताची नंतर लावलेली. गाठीच्या मागून एक धागा काढून जाळा, हॅटपासून लांब. कडक मणी झाला आणि बोटाने चुरडला नाही, तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. चुरडला आणि केस जळल्याचा वास आला तर रेशीम.

घाटमाथा: त्यापेक्षा जावळीतलं इरलं ठेवा की प्रदर्शनात. ते आपलं, पावसातलं.

कृष्णाकाठ_वाई: काकू, फासे आहेत. रिबनच्या वर बोटभर उजळ पट्टा आहे आणि धाग्याचा मणी झाला, चुरडत नाही. आतल्या चामडी पट्ट्याखाली अजून एक चिठ्ठी चिकटलेली निघाली, तिच्यावर रु. ६-१२-०.

जुनाबाजार_सांगली: हीच पहिल्यांदा सांगायची होती. ही किंमत: सहा रुपये, बारा आणे, शून्य पै. रुपये म्हणजे विक्री इथलीच. १ एप्रिल १९५७ ला दशमान चलन आलं, म्हणजे चिठ्ठी त्याआधीची.

माणदेशी: एकदम १ एप्रिलला आणे गेले नाहीत. पुढेही काही काळ जुनी नाणी चालली. "१९५७ पूर्वी" असं ठाम लिहू नका.

जुनाबाजार_सांगली: नाणी चालली, पण पै लिहून किंमत लावायची सवय लवकर मोडली. तरी "साधारण १९५७ पर्यंत" लिहा, माझी हरकत नाही.

कृष्णाकाठ_वाई: पण १९२० का नको? लोकांना एक साल लागतं.

शिंपीणकाकू: कारण हॅटमध्ये १९२० सांगणारं काही नाही. टाके खालची हद्द देतात, चिठ्ठी वरची. रिबन तर दोन्हींतून बाद, ती बदललेली आहे. शाळेच्या गणवेशात बोटर कधी होती हे जुन्या फोटोंत सापडलं, तर काळ आवळता येईल.

कृष्णाकाठ_वाई: बरं. मजकूर असा: "बोटर, गवताची वेणी यंत्राने शिवलेली. माप ७ १/८. विक्री साधारण १९५७ पर्यंत. पाचगणी." चालेल?

शिंपीणकाकू: "रिबन नंतरची" हे घाला. कोणी रिबन बघूनच काळ लावेल.