आधी गवत ओढून बघा
पाणी वाढवूनही लॉनवरचे पिवळे पट्टे जात नाहीयेत म्हणताय, तर ते गवत मुठीत धरून ओढून बघा, सतरंजीसारखं अलगद उचललं गेलं तर मुळं खाल्लीयत, मग खाली दोन-तीन इंच उकरा, अर्धगोल वळलेली, पांढरट, तपकिरी डोक्याची, सहा पायांची अळी दिसली की ती हुमणीच, म्हणजे मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी. साबणाचं पाणी ओतून ती वर येत नाही हो, त्याने पानं खाणाऱ्या लष्करी अळ्या वर येतात. चौरस फुटात दोन-चार असतील तर निरोगी गवत सोसतं, उगाच औषध मारू नका प्लीज. 10 च्या वर असतील तर हुमणीवरचे मित्र सूत्रकृमी, म्हणजे तिला मारणारे अगदी बारीक कृमी, संध्याकाळी ओल्या मातीत सोडा, पण अळ्या लहान असतानाच, मोठ्या झाल्या की फारसा फरक पडत नाही.