‘देवी आल्या’, ‘मरीआईचा कोप’, ‘मोडशी’ : साथीच्या रोगांचे शब्द आणि त्यांतला देव

ओवी : देवीचा रोग (स्मॉलपॉक्स) आला की जुनी माणसं ‘देवी झाल्या’ असं म्हणत नसत, ‘देवी आल्या’ म्हणत. ताप येतो, खोकला येतो, तसंच हे ‘येणं’, की खरोखर देवी घरी येते असा अर्थ? लस टोचण्याला ‘देवी काढणं’ का म्हणायचे? आणि यापुढचा प्रश्न मला जास्त छळतो. ज्या रोगात घरातली लेकरं एकामागून एक जात होती, त्याला देवीचं नाव, आईचं नाव कसं दिलं असेल? नुसत्या भीतीनं, की त्यात श्रद्धाही होती?

भीमथडी : ओवीताई, इथं खरोखरच देवी येते असाच अर्थ आहे. घरातलं वागणं बघा. देवी आल्या की त्या घरात फोडणी द्यायची नाही, हजामत करायची नाही, दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधायचे. आजाऱ्याच्या अंथरुणातही तोच पाला, आणि खाज सुटली की नख न लावता त्याच डहाळीनं हळूहळू वारा घालायचा. बाहेरच्यानं आत यायचं नाही, कारण देवीला विटाळ चालत नाही. अंगभर फोड घेऊन पडलेल्या पोराशी थोरली माणसंसुद्धा अदबीनं बोलत, कारण त्याच्या अंगात देवी वस्तीला आलेली असे. मला यातली मोठी गोष्ट ही वाटते की ते पोर कुणाच्या लेखी पापी ठरत नव्हतं. त्याचा चेहरा बघवत नसला तरी त्याला नमस्कार करत.

‘देवी काढणं’ लसीबरोबर रुळलं असावं. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली, ती भारतातली पहिली. या लसीनं दंडावर एक फोड मुद्दाम उठवायचा, म्हणजे मोठी देवी येण्याआधी लहानशी देवी काढून घ्यायची, असा लोकांनी तिचा अर्थ लावला असावा. पुढं घरोघर फिरून लस टोचणारा माणूस ‘देवीडॉक्टर’ झाला. श्रद्धा आणि लस यांची गाठ लोकांनी आपल्याच शब्दात घालून टाकली. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं हा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. दंडावरच्या खुणेला मात्र आपण अजून देवीचा व्रणच म्हणतो.

शिवारफेरी : भीमथडीकाका, तुमचं ‘देवी येणं’ मला पटतं, पण ते अर्धंच आहे. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) वेळी पाहुणी घरी आली असं कुणी म्हणत नव्हतं. तिथं शब्द होता ‘मरीआईचा कोप’. एकदा कोप म्हटला की कुणाच्या चुकीनं झाला हे शोधणं आलंच. मग कुणा विधवेला चेटकीण ठरवायचं, नाहीतर शिवेबाहेरच्या वस्तीकडं बोट दाखवायचं.

‘मरीआईचा गाडा’ हा शब्दप्रयोगही इथं नोंदवायला हवा. साथ आली की गाव वर्गणी काढून छोटा लाकडी गाडा करायचं. त्यात मरीआई बसवायची, साडीचोळी, नारळ, लिंबं, नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत शिवेपार न्यायचा. पुढच्या गावानं तो आपल्या शिवारात राहू नये म्हणून आणखी पुढं लोटायचा. आपल्या दारातलं मरण दुसऱ्याच्या शिवेवर सोडून यायचं आणि त्याला पूजा म्हणायचं! मला याचा राग येतो.

आणि मरीआईचा उपासक पोतराज आठवा. हिरवा खण, पायांत घुंगरं, स्वतःच्या उघड्या अंगावर ओढलेला आसूड. पोतराज बहुतेक मातंग समाजातला. गावाच्या रोगाचं प्रायश्चित्त ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते त्याच्या पाठीवर. दुःखाचं कारण काय, असा प्रश्न ज्या श्रद्धेला पडतो तिनं दुःख कुणाच्या वाट्याला देते हेही सांगितलं पाहिजे.

माडाखाली : गोव्याकडून एक भर. पटकीला आमच्याकडं जुना शब्द ‘मोडशी’. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, त्यात हा शब्द ‘मोरशी’सारख्या रूपात आला आहे. युरोपीय लोकांनी पुढं तो इतका मोडला की फ्रेंचांच्या तोंडी त्याचा अर्थ ‘कुत्र्याची मौत’ असा झाला. मूळ शब्द ‘मोडणे’वरून आलेला सांगतात. माणूस मोडून पडतो, एवढंच त्यात आहे, देव नाही, पाप नाही. म्हणजे आपल्या पूर्वजांजवळ देवाचं नाव न घेता रोग सांगणारे शब्दही होते.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस गोव्याचेच, हडफड्याचे. त्याच साथीत वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्त्यांनी रक्षणासाठी क्रूस उभारले, त्यांतले कित्येक अजून गल्लीच्या तोंडाशी उभे आहेत. एका बाजूला सूक्ष्मदर्शक, दुसऱ्या बाजूला क्रूस, आणि दोहोंपाशी माणसं तीच.

भीमथडी : शिवारफेरी, तुमचा राग रास्त आहे. कोपाच्या कल्पनेनं माणसं तोडली, हे मी नाकारत नाही. पण ओवीताईंच्या मूळ प्रश्नाला, ‘आई’ का, याला माझं उत्तर भीतीच्या पलीकडं जातं. राजाकडं फिर्याद न्यायची तर मध्ये दरबार लागतो. आईला थेट बोलता येतं. तिच्यापुढं रडता येतं, ‘माझंच लेकरू का नेलंस?’ असं विचारता येतं, तिच्यावर रुसता येतं. लेकरू गेलेल्या बाईला कारण सांगणारा शब्द नको होता, जिला जाब विचारता येईल अशी कुणीतरी हवी होती. ‘मरीआई’त मरण आणि आई लोकांच्या कानाला शेजारी ऐकू येतात, ते मला म्हणूनच खरं वाटतं.

याहून वेगळी वाट सत्यशोधकांची. जोतीरावांनी देवासाठी ‘निर्मिक’ हा शब्द योजला. निर्मिकाला बोकड लागत नाही आणि मध्ये भटही लागत नाही. १८९७ च्या प्लेगात जोतीराव-सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाईंनी मुंढव्याहून एका आजारी पोराला पाठीवर घालून तिथं आणलं, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. ही साथ कुणाच्या पापानं आली याची चर्चा त्या करत बसल्या नाहीत. ज्याला शिवायला जग घाबरत होतं त्याला त्यांनी उचललं. मी श्रद्धाळू माणूस आहे, वारीला जातो, आणि तरी देवाविषयी बोलताना मला याहून भक्कम काही सुचत नाही.

ओवी : तिघांचेही आभार. मग आजच्या लिखाणातला एक प्रश्न. वर्तमानपत्रं सर्रास ‘डेंग्यूचा प्रकोप’ छापतात. त्यात तोच कोप लपला आहे ना? टाळावा का?

शिवारफेरी : टाळावा. ‘साथ’, ‘फैलाव’, ‘लागण’ असे साधे शब्द आहेत की.

भीमथडी : मी टाळणार नाही. वैद्यकात वात, पित्त, कफ यांचा प्रकोप होतो, तिथं कुठला देव रागावत नाही. ‘देवीचा कोप’ आणि ‘पित्तप्रकोप’ वेगळे. बातमीत मात्र ‘साथ’च बरी, कारण वाचणाऱ्याला यातला कुठला कोप ते कळत नाही.

माडाखाली : आणि ‘तुला वाखा येवो’ ही शिवी? वाखा म्हणजे पटकीच. देशावर हा शब्द अजून कुणाच्या तोंडी असला तर गाव-तालुक्यासकट इथं लिहा.