मदत हवी आहे: कमर्शियल पायलट ट्रेनिंग भारतात की बाहेर? टेस्ट कुठं खरी घेतात?

नमस्कार मंडळी,

थोरली लेक यंदा बारावी सायन्स झाली, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही आहेत, आणि पायलटच व्हायचं म्हणून हटून बसलीय. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, उजळाईवाडीचा विमानतळ शेजारीच. त्यामुळे हे वेड कुठून आलं ते विचारू नका.

मध्यंतरी स्टेशन रोडला एका हॉटेलात एजंट लोकांचा सेमिनार झाला. एकजण म्हणे अमेरिकेचं लायसन्स घ्या, जगात कुठंही चालतंय. दुसरा म्हणे दक्षिण आफ्रिका स्वस्त पडते. तिसरा म्हणे इथंच करा, कन्व्हर्जनची (बाहेरचं लायसन्स भारतीय करून घ्यायची) भानगड नको. चहा-सँडविच झकास होतं. पत्रकावर मात्र तिघांचंही एकच ठळक: किती महिन्यांत किती तास.

लायसन्सला किती तास फ्लाइंग लागतं ते मी वाचून काढलंय. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या) अनेक्स 1 प्रमाणे किमान 200, मान्यताप्राप्त सलग कोर्स असेल तर 150. आपल्या डीजीसीएचे (विमान वाहतूक महासंचालनालयाचे) 200, त्यात 100 पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे. अमेरिकेत पार्ट 61 (मोकळ्या पद्धतीनं शिकायचा नियम) खाली 250, पार्ट 141 च्या (मान्य ठराविक कोर्सच्या) स्कूलमध्ये 190. युरोपात इंटिग्रेटेड (सलग) कोर्सला 150. नुसत्या तासांवर गेलं तर युरोप सगळ्यात ढिला ठरेल, आणि असं कुणीच म्हणत नाही, कारण तिथं एटीपीएल (एअरलाइन पायलटच्या वरच्या लायसन्सच्या) थिअरीचे 13 विषय आणि पासिंग 75 टक्क्यांना. आपल्याकडे नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल, 70 टक्के, वर आरटीआर (रेडिओवर बोलायची परीक्षा). अमेरिकेत कमर्शियलची लेखी एकच, 100 प्रश्नांची.

माझा प्रश्न पुढचा आहे. आमच्यात जो जॉब काढतो तोच तो पास करत नाही. इन्स्पेक्शनचा माणूस वेगळा, त्याचं गेज (माप तपासायचं साधन) वेगळं, आणि गेजचं पण कॅलिब्रेशन होतं. मग पायलटच्या बाबतीत गेज कुणाच्या हातात? शिकवणाऱ्या स्कूलचाच माणूस टेस्ट घेतो का? पास-नापास कशावर, हे आधी छापील मिळतं का?

भीती उगीच नाही. 2011 मध्ये आपल्याकडे बनावट गुणपत्रिकांवर एटीपीएल घेतलेले पायलट सापडले होते, न उडवलेले तास लॉगबुकात चढवल्याचंही बाहेर आलं होतं. 2020 मध्ये पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेतच सांगितलं की 860 पैकी 262 पायलटांची लायसन्सं संशयास्पद आहेत, आणि युरोपनं त्यांच्या पीआयए एअरलाइनची विमानं बंद केली. कर्ज काढून लेकीला पाठवायचं तर कागद नको, काम आलं पाहिजे.

जाणकारांनी सांगावं. "मुलीला कशाला एवढं" छाप सल्ले कृपया नकोत, ते घरात भरपूर मिळालेत.

राईटसीट:
दादा, प्रश्न बरोबर जागी विचारलात. मी अमेरिकेतून करून आलोय, इथं कन्व्हर्ट केलंय, तेवढं सांगतो.

अमेरिकेत चेकराइड, म्हणजे उडवायची फायनल टेस्ट, एफएएनं (तिथल्या डीजीसीएनं) नेमलेला परीक्षक घेतो, फी विद्यार्थी भरतो. कशावर पास-नापास ते एसीएस नावाच्या पुस्तकात आहे, कुणीही फुकट डाउनलोड करावं. नमुना देतो. धावपट्टीला समांतर जाताना परीक्षक इंजिन आयडलला आणायला लावतो. तिथून वळून, पॉवर न लावता, आधी ठरवलेल्या खुणेच्या पुढं 200 फुटांच्या आत टेकवायचं. खुणेच्या अलीकडे टेकलं की नापास. तिथं "बरं जमलं" असं काही नसतं. त्याआधी तोंडी, तीही तासन् तास. नापासाची नोंद राहते आणि पुढं एअरलाइनच्या मुलाखतीत विचारतात.

पण एजंट एक सांगत नाहीत: पार्ट 141 च्या काही स्कूलना स्वतःच टेस्ट घ्यायचा अधिकार आहे. अमेरिका म्हणजे परीक्षक बाहेरचाच, असं धरून चालू नका. युरोपात नियमच आहे, ज्यानं चौथाईपेक्षा जास्त फ्लाइंग शिकवलं त्यानं त्या विद्यार्थ्याची स्किल टेस्ट घ्यायची नाही. आपल्याकडे परीक्षक डीजीसीएच्या मान्यतेचा असतो, पण बऱ्याच ठिकाणी तो त्याच स्कूलचा सीएफआय (मुख्य इन्स्ट्रक्टर) असतो. काही सीएफआय बाहेरच्यापेक्षा कडक असतात, तो भाग निराळा. त्यामुळे देश नंतर, आधी स्कूल बघा.

आणि "जगात कुठंही चालतंय" हे धादांत खोटं. इथं आल्यावर रेग्युलेशन्स आणि कंपोझिट (नेव्हिगेशन-मेटिऑरॉलॉजी एकत्र) असे दोन पेपर, आरटीआर, भारतीय मेडिकल आणि चेक, सगळं करावं लागतं.

पंचगंगेकाठी:
अमेरिकेत एअरलाइनला 1500 तास लागतात ना? मग तेच कडक म्हणायचं की.

राईटसीट:
तो नियम 2009 च्या बफेलोजवळच्या कोल्गन अपघातानंतर आला. गंमत अशी की त्या विमानातल्या दोघाही पायलटांचे तास 1500 च्या वरच होते. स्टॉल होत असताना (पंखांची उचल जात असताना) कॅप्टननं नाक खाली करायच्या ऐवजी स्टिक मागं ओढली. तासांचा आकडा बघून काय कळणार?

सांबरा शेजारी:
दादा, बेळगाव तुम्हाला दोन तासांवर. सांबऱ्याला फ्लाइंग स्कूल आहेत, बारामतीलाही आहेत. एकदा जाऊन बसा. ऑफिसात नको, बाहेर झाडाखाली पोरं वाट बघत बसलेली असतात त्यांच्यात. महिन्याला खरोखर किती उडायला मिळतं, किती विमानं चालू आहेत, इन्स्ट्रक्टर किती टिकतात, पावसाळ्यात काय होतं, सगळं तिथं कळतं. 2025 पासून डीजीसीए स्कूलना श्रेणी देतंय, तीही बघा. आणि पूर्ण फी एकदम भरू नका. पैसे अडकले की पोरगं पण अडकतं.

राईटसीट:
+1. त्याच्याही आधी मेडिकल. आधी क्लास 2 ची तपासणी, मग पायलटला लागणारी क्लास 1. डोळे, कान, ईसीजी यात काही निघालं तर आधीच कळलेलं बरं. क्लास 1 हातात येईपर्यंत कुणाला एक रुपया देऊ नका.

धागाकर्ता:
मनापासून आभार. चौथाईचा युरोपचा नियम माहीत नव्हता, हेच हवं होतं. एजंटला आज फोन करून विचारलं की तुमच्या स्कूलची फायनल टेस्ट कोण घेतं. "सर, आमचा रिझल्ट शंभर टक्के आहे" म्हणाला. माझ्याकडे शंभर टक्के जॉब पास व्हायला लागले की मी आधी गेज तपासतो!

रविवारी लेकीला घेऊन बेळगाव. क्लास 1 बंगळूरला एअर फोर्सच्या केंद्रात करावी की डीजीसीएच्या मान्यतेच्या खासगी डॉक्टरकडे? अलीकडे कुणी केली असेल तर तारीख मिळायला किती वेळ लागला आणि चष्म्याच्या नंबरचं काय झालं ते सांगा. तिला दीडचा आहे.