शब्दचर्चा : उंदराला 'चिंता' होते की 'धास्ती' बसते?

बाळीवेस
सोलापुरात बी.एस्सी.च्या मुलांसाठी मराठीतून टिपणं काढतोय. मेंदूचं प्रकरण आलं आणि अडलो. एका प्रयोगात अधिक-चिन्हाच्या आकाराची पट्टी जमिनीपासून हातभर उंच ठेवतात. समोरासमोरच्या दोन भुजांना भिंती, दोन उघड्या. उंदीर बहुतेक वेळ भिंतीच्या आडोशाला काढतो. डायझेपाम हे चिंता कमी करणारं औषध दिलं तर उघड्या भुजांवर जास्त वेळ हिंडतो. या आडोसा धरण्याला पुस्तकात 'चिंतासदृश वर्तन' लिहिलंय. वर्गात एकीने विचारलं, "सर, उंदराला कशाची चिंता? लेकीच्या लग्नाची?" वर्ग हसला, पण मला उत्तर सुचलं नाही.

जुनी_मास्तरीण
पोरीचं बरोबर आहे. 'चिंता'चं मूळ चिंत्, म्हणजे विचार करणं. 'काळजी' घेताही येते, म्हणजे तिच्यात माया आली. उंदराला 'धास्ती' द्या. कुत्रा अंगावर आला की भीती. गल्लीत कुत्रा असतो हे ठाऊक असलं की धास्ती. शिवाय 'धास्तावणे' हे क्रियापद तयार आहे. 'चिंतावलेला उंदीर' म्हणून बघा, जीभ अडते.

बाळीवेस
हा भेद मेंदूतही सापडतो! मायकेल डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या दचकण्यावर काम झालं. ठरावीक खुणेपाठोपाठ झटका बसतो हे शिकलेला उंदीर त्या खुणेला दचकतो, त्याला अमिग्डलाचा, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी निगडित भागाचा, मध्यवर्ती भाग लागतो. बराच वेळ झगझगीत उजेडात ठेवल्यावर वाढणारं दचकणं मात्र शेजारच्या बी.एन.एस.टी. नावाच्या भागावर अवलंबून निघालं. पहिली भीती, दुसरी धास्ती. पुढच्या संशोधनात ही वाटणी इतकी काटेकोर राहिली नाही, पण शिकवायला सोयीची आहे.

मागवाला
आमच्याकडं 'लै टेन्शन आलंय बे' एवढ्यात सगळं भागतं. पण 'ताण' आणि 'तणाव'मध्ये फरक काय? आम्ही मागावर ताणा-बाणा म्हणतो. ताणा ढिला पडला की चादरीला झोळ, जास्त ओढला की धागा तुटतो. ताण वाईटच असतो असं नाही.

जुनी_मास्तरीण
तंबूच्या दोरीला तणावा म्हणतात. गड्ड्याच्या यात्रेत रात्री त्याला अडखळून पडलेल्यांना विचारा! आजचा 'तणाव' मला दोन गटांतला, बंदोबस्तातला वाटतो. जिवाला होतो तो ताणच.

बाळीवेस
मागवाल्यांचा मुद्दा टिपणात घेतो. हान्स सेल्ये यांनी 1936 साली उंदरांवरचं काम छापलं. इजा, थंडी, विष, काहीही असो, शरीर ठरावीक तऱ्हेनेच प्रतिसाद देतं असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यांनी ज्याला 'स्ट्रेस' म्हटलं, तो शब्द धातूवर भार देणाऱ्यांकडेही होताच. तोही तुमच्या ताण्यासारखाच! मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग त्याच्या खालच्या पीयूषिका ग्रंथीला सांगतो, ती मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला, मग उंदराच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. माणसात मुख्यतः कॉर्टिसॉल. घटकाभर वाढलं तर कामाचं, रोज वाढलं तर घातक. बंगळुरूच्या एन.सी.बी.एस. या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत सुमंत्र चट्टर्जी यांच्या गटाने उंदरांना रोज 2 तास, असं 10 दिवस जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पस या आठवणींशी निगडित भागातल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या, अमिग्डलातल्या मात्र फोफावल्या. अभ्यास 2002 चा.

मागवाला
म्हणजे एकाच ताणानं एकीकडं झोळ आणि दुसरीकडं गाठ. कळलं.

विजापूर_रोड
अमिग्डलाला 'बदाम' का नाही म्हणत? ग्रीकमध्ये अर्थ तोच.

जुनी_मास्तरीण
मग हिप्पोकॅम्पसला 'समुद्रघोडा' म्हणा आणि परीक्षेत लिहून दाखवा. नावं राहू देत, क्रियापदं मराठी करा. कपाळामागचा भाग अमिग्डलाला आवर घालतो, हे 'नियमन करतो'पेक्षा लवकर कळतं.

बाळीवेस
'आवर' घेतला. 'धास्तीसदृश वर्तन' लिहितो, कंसात चिंता. ते 'सदृश' काढत नाही. उंदराला आत काय वाटतं ते त्याने कुठे सांगितलंय?